बिनदाताच्या तोंडातले किडे

"पडला! पडला! अजून एक!"

पत्र्याच्या शेडमध्ये माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून परातीत बघत होती. परातीत पाणी, मधोमध तापवलेला लोखंडी ठोकळा, त्यावर कसल्याशा बिया. एक ट्रकड्रायव्हर डोक्यावर काळं कापड घेऊन, आ वासून त्या धुरावर ओणवा झाला होता. कापड उचललं, तर पाण्यात पांढरे बारीक किडे! लोकांनी हात जोडले. किडेबाबा मात्र गंभीर.

"दाढेच्या मुळाशी बिऱ्हाड थाटलं होतं. आजोबांपासून नातवापर्यंत सगळं खानदान बाहेर काढलं."

या बाबाला मी चांगला ओळखत होतो. माझी बायको इथेच ओणवी झाली होती. दात घासले की तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून तिने ब्रशच सोडला. मग सूज आली, मग पू. बाबाच्या धुराने दुखणं थांबलं आणि ती किडे बाटलीत घालून हसत घरी आली. तिला साखरेचा आजार होता. पू जबड्याखाली उतरला, गळा सुजला, श्वास कोंडला. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. बाबा मयतीला आला आणि म्हणाला, "एखादा किडा राहिला असेल."

आता त्याच रांगेत माझी मेहुणी उभी होती. तिच्याही हिरड्यांतून रक्त येत होतं, खालचा एक दात हलत होता. मी सासूबाईंना आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन तिथे पोहोचलो.

"अगं, तुझी बहीण याच्या नादाने गेली ना?"

"ताई साखरेने गेली, भाऊजी. तिचं दुखणं यानेच थांबवलं होतं. आणि किडे समोर पडतायत. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं मानू?"

डॉक्टरीणबाई एवढा वेळ नुसत्या बघत होत्या. त्या सासूबाईंच्या कानाशी काहीतरी बोलल्या. सासूबाईंनी एक लेक गमावली होती, दुसरी गमवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी तोंडाला रुमाल लावला, जरा पाठ फिरवली आणि मेहुणीला मागे सारून पुढे झाल्या.

"आधी माझं बघा, बाबा."

बाबा कुणाच्या तोंडात कधी डोकावत नसे. त्याची सगळी विद्या परातीत.

"कुठे ठणकतं, आजी?"

"मागे, उजवीकडे."

"वाटलंच! जुनं ठाणं आहे."

कापड पडलं, बिया पडल्या, धूर झाला. कापड निघालं तसा बाबा ओरडला, "बघा, वारूळच होतं! अर्धे वरच्या दाढेतले, अर्धे खालच्या!"

"कुठल्या दाढेतले म्हणालात?" सासूबाईंनी आ केला. तोंडात एकही दात नव्हता. मग त्यांनी रुमाल उलगडून कवळी दाखवली. "माझे दात तर हे इथे आहेत. यांना धूर लागलाच नाही."

शेडमध्ये हशा पिकला. बाबा घसा खाकरून म्हणाला, "दात पडतात, आजी. किडे मागे राहतात."

"आणि इतकी वर्षं खात काय होते?" ट्रकड्रायव्हरने विचारलं.

एवढं होऊनही दोघातिघांनी बाबाच्या बोलण्यावर मान डोलावली. फसायचंच ठरवून आलेल्या माणसाला कवळीही पुरत नाही.

डॉक्टरीणबाईंनी ठोकळा पुन्हा तापवायला लावला आणि बाबाच्या पिशवीतल्या चिमूटभर बिया घेतल्या.

"परक्या हाताने विद्या पळते!" बाबा किंचाळला.

"पळू दे. आता कुणीही ओणवं व्हायचं नाही."

बिया तडतडल्या. वर तोंड नाही, दात नाही, आणि पाण्यात पांढरे किडे! मेहुणी परातीवर वाकून बघतच राहिली.

"हे बियांतले कोंब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बी तडकलं की कोंब उडून पाण्यात पडतो. गरम पाणी हलतं, म्हणून तो वळवळतोय असं वाटतं. धुराने तोंड थोडा वेळ बधिर होतं. रोग आहे तिथेच राहतो."

"मग रक्त कशाचं?" मेहुणीने विचारलं.

"दातांवर जंतूंचा चिकट थर साचतो. तो साफ झाला नाही की हिरड्या लाल होतात, सुजतात, रक्त येतं. तेव्हाच दात साफ करून घेतले आणि रोज नीट घासले, तर हिरड्या पुन्हा चांगल्या होतात. दुर्लक्ष केलं तर हिरडी दातापासून सुटते, आतलं हाड झिजतं. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. मग हिरडीखालून खोल सफाई करावी लागते, कधी शस्त्रक्रिया. तरीही टाळलं तर दात हलतात."

"माझा हलतोय. वाचेल?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू?"

"बाबा तर हमखास म्हणाला होता."

"त्याला तोंडात बघावं लागत नाही ना!"

मेहुणी त्याच दिवशी दवाखान्याच्या खुर्चीत बसली, माझा हात नखं उमटेपर्यंत घट्ट धरून. हलणारा दात काढावा लागला. बाकीचे वाचले, आता दात घासताना रक्त येत नाही. बाबाने म्हणे दुसऱ्या गावात परात मांडली आहे.

तुमच्याकडे आला तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. एवढंच म्हणा, माणूस बाजूला ठेव, नुसता धूर कर आणि परातीत काय पडतं ते दाखव. आणि ब्रशला रक्त लागलं तर ब्रश टाकू नका, डॉक्टरांना तोंड दाखवा. माझी बायको रांगेत उभी होती तेव्हा हे सांगणारं शेडमध्ये कुणी नव्हतं. तुम्ही असाल तर सांगा.