ओसरीवरची सात पोरे

नागफणीच्या कड्यावरून कुरवंड्यात उतरायला सकाळचे ऊन फार वेळ घेत असे. आधी कडा उजळे, मग खालचे रान; मग गवती छपरांवरचा धूर निळसर होई. पुष्कळ वेळाने ते शाळेच्या ओसरीवर येई आणि महारवाड्यातली सात पोरे पाट्या घेऊन बसत तिथे मऊ, पिवळे होऊन पसरे. त्या उजेडाकडे पाहत राहिले की जगात काही करायचे उरले आहे, असे मला वाटतच नसे.

"मास्तर, तुमी पाटलावानी खाकरा की! त्याबिगर मला बोलाय सुदरत न्हाई," झुंबरबाई म्हणाली.

मी खाकरलो.

"ह्यो पाटील न्हाई, पाटलाची शेळी हाय," गाडीवान बद्रुद्दीनभाई हसले.

चौतीस सालचे ते दिवस. झुंबरबाई लोणावळ्याच्या बंगल्यांना गवताचे भारे पोचवी. तिची रतन त्या सात पोरांतली. पोरांना वर्गात बसू द्यावे, हे गावापुढे मांडायला आम्ही तिघांनी मंडळ केले होते. पुढारी गावातूनच घडला पाहिजे, असे मी सांगे. म्हणून दोन महिने, शाळा भरण्यापूर्वी, मी तिला चावडीपुढे बोलायला शिकवीत होतो: कुठे थांबावे, नजर कुठे ठेवावी. शब्द मात्र तिचे स्वतःचे असत. तिचा आवाज दिवसेंदिवस मोकळा होत गेला, आणि तो ऐकताना मी संथ स्वप्नात असल्यासारखा सुखी असे.

सोमवारी सकाळी चावडी भरली. झुंबरबाई पायरीखाली उभी राहिली.

"पाटील, माजी पोर शंभरापत्तुर आकडं म्हनती. समदं भाईर बसून शिकली. झड आली की पाटी पुसून जाती, आन पोर पुन्यांदा एकापासनं लिवाय बसती. तिला आत घ्या. एवडंच मागनं हाय."

बद्रुद्दीनभाई पुटपुटले, "वा, बाई!"

पाटलांनी पान थुंकले. "झुंबरे, मला कशापायी इचारतीस? वर्गात कुणी कुटं बसायचं ते मास्तरानं ठरवायचं. त्येनं आत बोलवलं तर म्या काय दार धरनार हाय? काय मास्तर, बोलवताय का?"

चारदोन जण हसले. झुंबरबाईने वळून माझ्याकडे पाहिले आणि ती थांबली. मी शिकवले होते तशीच, घाई न करता, नजर न हलवता.

"बघू... पुढच्या आठवड्यात," मी म्हणालो.

तिने भिंतीशी ठेवलेला भारा डोक्यावर घेतला आणि लोणावळ्याची वाट धरली. बद्रुद्दीनभाई माझ्याकडे पाठ करून बैल जुंपू लागले.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर सहाच पोरे होती. हजेरी घेताना रतनच्या नावाशी मी अडलो, मग पुढचे नाव वाचले. दोन महिने मी जे स्वतःशीही बोललो नव्हतो, ते पाटील चारचौघांत बोलून गेले होते. पोरांना आत बोलावणे पहिल्या दिवसापासून माझ्याच हाती होते.