पिवळा उजेड

"गॉगल लावून लाइट निवडायला आलेलं गिऱ्हाईक मी पहिलंच पाहतोय," असं म्हणत दुकानदाराने भिंतीवरचे तिन्ही दिवे एकदम लावले.

दिगंबरने हसल्यासारखं केलं, पण गॉगल काढला नाही. तपकीर गल्लीतल्या त्या चिंचोळ्या दुकानात एक दिवा पिवळसर, एक दुधी आणि एक पांढराशुभ्र जळत होता. धायरीतल्या नव्या फ्लॅटसाठी यांतला एक ठरवायचा होता.

"सगळीकडे पिवळेच घेऊ," तो म्हणाला. "डोळ्यांना बरे."

"काहीतरीच! दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो त्या घरात. पांढरेच घ्यायचे," शर्मिला म्हणाली.

तिला पांढरे का हवेत, हे नवरा म्हणून तो पुरतं ओळखून होता. गेल्या वर्षी पित्तनलिकेतली गाठ काढल्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी ती त्याला खिडकीशी उभं करायची आणि अंगठ्याने खालची पापणी ओढून डोळा पाहायची. पुन्हा पिवळेपणा आला तर गाठ परत आली असं समजा, आणि मग आमच्या हातात फारसं काही नाही, असं डॉक्टरांनी दोघांनाही सांगून ठेवलं होतं. आज मात्र ती उठायच्या आत तो गाडी पुसायला खाली उतरला आणि गाडीच्या आरशात त्याला आपले डोळे दिसले. हळदीचं बोट फिरवावं तसे. गॉगल त्याने तिथेच चढवला होता.

मरणाची भीती वाटत होती, नाही कशी वाटेल? पण त्याहून मोठी धास्ती वास्तुशांतीची होती. राहायला येत्या रविवारीच जायचं होतं, मुहूर्त मात्र तीन आठवड्यांनंतरचा निघाला होता. पूजेला जोडीने बसायचं असतं. मोठा भाऊ गेल्यावर वहिनींच्या नव्या घराच्या पूजेला दिगंबर आणि शर्मिलाच पाटावर बसले होते. वहिनी आपल्याच घरात मागे सतरंजीवर, पाहुण्यासारख्या. शर्मिलावर ती वेळ येऊ द्यायची नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात पक्कं होतं. तीन आठवडे पिवळ्या उजेडात कसेबसे काढायचे, तिच्या शेजारी बसून पूजा करायची, मग दवाखाना आहेच.

"अहो, गॉगल काढा की," शर्मिला म्हणाली. "त्याशिवाय कळणार कसं?"

काढावा लागला. दुकानदाराने नेमके बाकीचे दोन दिवे बंद केले आणि पांढरा तेवढा ठेवला. दिगंबर घाईघाईने काउंटरवरच्या कॅटलॉगमध्ये पाहू लागला.

"तुमचं दोघांचं जमायचं नाही," दुकानदार म्हणाला. "थ्री-इन-वन न्या. बटण एकदा बंद करून चालू केलं की रंग बदलतो. साहेबांना पिवळा, ताईंना पांढरा. आमच्या दुकानात भांडण नको."

दिगंबरचं अवसान गळालं. याला नाही म्हणायला त्याच्याकडे एकही कारण उरलं नव्हतं. शर्मिला होच म्हणणार, आणि रोज सकाळी तेच बटण दाबणार. तो तिच्या होकाराची वाट पाहत राहिला. होकार येईना, तेव्हा त्याने मान वर केली.

ती त्याच्याकडेच पाहत होती. सवयीने तिचा हात त्याच्या चेहऱ्याकडे निघाला, मध्येच थांबला आणि त्याची सरळच असलेली कॉलर पुन्हा सरळ करून खाली आला.

"नको," ती दुकानदाराला म्हणाली. "साधे पिवळेच द्या. सगळे."

"अहो ताई, आत्ता तर तुम्हीच..."

"पिवळेच द्या म्हटलं ना."

तिचा आवाज चढला होता. दुकानदार खोकी काढायला माळ्यावर चढला. शर्मिला पर्समधून फोन काढत दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, त्यांच्याकडे पाठ करून.

"गुरुजी, शर्मिला बोलतेय. आमची वास्तुशांत परवाच करून घ्यायची आहे." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "माहीत आहे मला. नसू दे मुहूर्त." मग आणखी थोडा वेळ. दिगंबरने काउंटरची कड घट्ट धरली.

"हो," ती म्हणाली. "आम्ही दोघं बसणार आहोत."