व कशाचा

खरं सांगायचं तर ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो. टाइप करायची नि पुसायची, असं चाललं होतं. आमच्याकडं त्या पट्टेवाल्या जनावराचं नाव थंडीच्या दिवसांत अजूनबी कुणी तोंडानं घेत न्हाई. घेतलं की ते ऐकतं नि येतं म्हणतात. आणि ते नाव लिहिल्याबिगर ही गोष्ट काही उभी राहत न्हाई. शेवटी म्हटलं, एकदाच लिहायचं, जिथं अडेल तिथं.

तर गोष्ट इंग्रजांच्या अमलातली. कारवारकडं, नंदिगड्ड्याच्या पल्याड रानात एक वाडी होती. थोडीच घरं, भाताचे मळे, बाकी सगळं रान. तिथं झिलू नावाच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर सरकारनं शाळा घातली होती, पण कच्ची. थंडीत शाळा तपासणारे डिप्टी साहेब दौऱ्यावर येणार, पोरांना वाचायला लावणार. वाचलं तर शाळा राहिली, न्हाई तर मास्तरानं फळा उचलायचा नि चालू लागायचं.

मास्तर होते भिकाजी. खानापूरकडचे, मिसरूड नुकतंच फुटलेले. दसरा झाल्यावर बैलगाडीतनं आले ते एक फळा, चित्रांचा अक्षरतक्ता नि एक काळा कोट घेऊन. ह्याच्या आधीच्या गावात त्यांची शाळा अशीच बुडाली होती, आणि तिथली पोरं दुसऱ्या दिवशी गुरांमागं जाताना त्यांनी गाडीत बसून बघितली होती. ही शाळा बुडू द्यायची न्हाई, हे त्यांनी गाडीतनं उतरायच्या आधीच ठरवलं होतं.

थंडी पडली तसं ओसरीवर बसवेना. धुकं इतकं की समोरची गोठ्याची भिंत दिसायची न्हाई. मास्तरांनी शाळा अंगणात शेकोटीभोवती आणली. पाट्या पुरत न्हाईत म्हणून सुपात राख पसरली, पोरं राखेत बोटानं अक्षरं काढायची. बेरीज-वजाबाकी चिंचोक्यांवर. आणि सकाळी सगळ्यांत आधी बातम्या. प्रत्येकानं एक बातमी आणायची, त्यातली एक मास्तर फळ्यावर लिहायचे, तोच त्या दिवसाचा धडा. 'लखूची म्हैस पळाली.' 'येसूआजीचा भोपळा माकडानं नेला.' पुस्तकातला बंगला नि बाग ह्या पोरांनी कधी बघितली नव्हती, पण लखूची म्हैस कशी पळते ते ती डोळे मिटून सांगतील. त्यामुळं वाचन झपाट्यानं पुढं सरकत होतं.

य झाला, र झाला, ल झाला. व ला घोडं अडलं.

तक्त्यावर व च्या घरात ते जनावर बसलेलं, लाल तोंड उघडून. मास्तरांनी छडीनं दाखवलं, नाव घेऊन म्हणून दाखवलं, नि म्हणाले, म्हणा. पोरांची दातखीळ बसली. झिलूची देवकी म्हणजे वर्गातली सगळ्यांत तोंडाळ पोरगी, तीसुद्धा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. मास्तरांनी गूळ देतो म्हणून सांगितलं. रागावले. उभं केलं. काही उपयोग न्हाई. नागू तेवढा हळूच म्हणाला, "मास्तर, फुडचं शिकवा की."

असं बरेच दिवस चाललं. मास्तरांना वाटलं, पोरं हट्टाला पेटली. त्यांनी झिलूला विचारलं, तर तो म्हणाला, होईल हळूहळू, आणि विडी पेटवून त्यानं भलताच विषय काढला. का म्हणत न्हाईत हे सांगायचं तरी नाव घ्यावं लागणार, मग सांगणार कोण?

त्यात निरोप आला की डिप्टी साहेब सुपा गावातनं निघाले, कुठल्याबी दिवशी येतील, तंबू पाण्याकाठी पडेल. मास्तरांची झोप उडाली.

एका सकाळी बातम्यांच्या वेळी नागू उठला.

"थोरले आल्यात," तो म्हणाला.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "कुठं?"

"नाल्यापाशी. अज्जानं बगितलं. झाडाखाली बसल्यात."

"संगं कोण कोण हाय?"

"संगं कोण नसतंय. एकटेच फिरत्यात ते." नागूनं थोडा विचार केला. "काल लखूकाकाचं रेडकू नेलं."

दौऱ्यावरच्या साहेबाला गावानं दूध, कोंबडी पुरवायची हे मास्तरांना ठाऊक होतं. रेडकू म्हणजे जरा जास्तच झालं, पण साहेबाशी हुज्जत घालणार कोण? त्यांनी घाईघाईनं फळ्यावर लिहिलं, 'थोरले नाल्यापाशी आले', पोरांना ते राखेत गिरवायला सांगितलं, नि आत जाऊन काळा कोट चढवला. व चं काय करायचं ते वाटेत सुचेल. आधी जाऊन सामोरं तर व्हावं. हातात नारळ घेतला.

देवकीनं कोटाचं टोक धरलं. "जाऊ नका मास्तर. त्येंला माणसं खपत न्हाईत."

"मोठी माणसं तशीच असतात," मास्तर म्हणाले. "आपण नमस्कार करायचा नि बाजूला व्हायचं."

नारळ बघून बाकीची पोरं जरा निवांत झाली. थोरल्यांच्या नावानं पुजलेल्या दगडापुढं नारळ ठेवायची चाल वाडीत होतीच. देवकीचं मात्र समाधान झालं न्हाई. मास्तर वळणाआड गेले तशी ती बापाला हाक मारत मळ्याकडं पळाली.

नाल्यावर तंबू नव्हता. घोडा नव्हता, चपराशी नव्हता. धुकं नुकतं वर उचलत होतं. मास्तरांनी घसा खाकरला, कोटाची गुंडी लावली नि दोन पावलं पुढं टाकली. झाडाखाली रेडकाचं अर्धं अंग पडलेलं दिसलं. त्याच्या मागच्या गवतात दोन गोल कान.

नारळ हातातनं सुटला नि घरंगळत पाण्यात गेला. कान हलले. मास्तरांना ओरडायचं होतं. नाव जिभेवर आलंसुद्धा. पण ते बाहेर पडलं की समोरचं डोकं आपल्याकडं वळणार, असं काहीतरी पोटातनंच वाटलं, नि त्यांनी ते गिळलं. तेवढ्यात मागनं खांद्यावर हात पडला. झिलू होता. त्यानं मास्तरांना पाठ न फिरवू देता, एकेक पाऊल मागं ओढत, मळ्याच्या बांधापर्यंत आणलं.

बांधावर बसल्यावर झिलूनं विचारलं, "काय हुतं वो तिथं, मास्तर?" त्याला माहीत होतं. त्याला ऐकायचं होतं.

"थोरले," भिकाजी म्हणाले.

झिलू हसला. "आता झाला तुमी हितले. पर कोट घालून भेटायला गेलेला वाडीत तुमी पयलेच."

भिकाजींना हसू आलं न्हाई. ते तिथंच बसून व चा विचार करत होते. पोरं हट्टी न्हाईत हे कळलं. म्हणून व सोडायचा का? व सोडला तर शाळा गेली. जनावर सोडू, अक्षर सोडायचं न्हाई.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना सांगितलं, आपापल्या घरातनं व ची वस्तू घेऊन या. नागूनं विळा आणला. कुणी वाल आणले, कुणी वाटी. देवकीनं मळ्याभोवतीच्या वईतली, म्हणजे कुंपणातली, एक काटेरी फांदी फरफटत आणली, अंगण झाडणारी आई मागनं ओरडत होती. व वईचा, असं त्या दिवसापासनं ठरलं. मग राखेत व, फळ्यावर व. देव, वारा, जेवण, चव. बातम्यासुद्धा पोरं व शोधून आणायला लागली. 'देवळात दिवा लावला.' 'विहिरीत वाटी पडली.' वाटी मुद्दाम टाकली होती की काय, ते मास्तरांनी विचारलं न्हाई.

डिप्टी साहेब आले ते संक्रांतीच्या सुमाराला, खऱ्या घोड्यावरनं. अंगणात खुर्ची टाकली. वाडीची माणसं कडेला उभी राहिली. पोरांनी तक्ता धडाधड म्हटला. व वईचा, नागू म्हणाला.

साहेबांनी चष्म्यातनं तक्त्याकडं बघितलं. "चित्रात काय आहे?"

पोरं सुपातल्या राखेकडं बघायला लागली. साहेबांनी पुन्हा विचारलं. म्हणाले, सगळ्या इलाख्याला तक्ता एकच आहे, ह्या वाडीसाठी काय निराळा छापायचा? चित्रातलं जनावर ओळखता येत न्हाई त्या पोरांना मास्तरानं शिकवलं काय? भिकाजींनी पोरांकडं बघितलं. त्यांनी डोळे वटारले असते तर एखाद्यानं म्हटलंबी असतं. त्यांनी वटारले न्हाईत.

"साहेब, व त्यांना येतो," ते म्हणाले. "फळ्यावर व चा कुठलाबी शब्द लिहा. नुसतं तक्त्यावर जाऊ नका."

साहेबांनी खडू घेतला. देवकीला पुढं बोलावलं. वाट, तिनं वाचलं. पाऊलवाट, वाचलं. गवत, वाचलं. साहेब थांबले, नि मग सावकाश लिहिलं, वाघ.

देवकीनं बघितलं. ओठ हलले न्हाईत. ती पुढं झाली, फडकं उचललं, नि तो एवढाच शब्द नीट, कोपऱ्याकोपऱ्यातनं पुसून काढला.

"का पुसलंस?" साहेबांनी विचारलं.

"वाचलं म्हनून पुसलं," देवकी म्हणाली.

साहेबांनी खडू खाली ठेवला. त्यांनी कडेच्या माणसांकडं बघितलं. सगळी रानाकडं बघत होती. साहेबांचा ह्याच रानातला, उळवीकडचा चपराशीसुद्धा तिकडंच बघत होता.

"वाचता येतं," साहेब शेवटी म्हणाले. "पण तक्ता पुरा झाला नाही. आणखी एक वर्ष देतो. पुढच्या थंडीत दुसरीचं पुस्तक घेईन, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

घोडा गेला. माणसं मळ्यावर गेली. झिलू नि भिकाजी विझत आलेल्या शेकोटीशी बसले.

"दुसरीच्या पुस्तकात बी हायत काय थोरले?" झिलूनं विचारलं.

"हायत. अख्खा धडा हाय त्यांच्यावर."

झिलूनं कपाळाला हात लावला. मग काटकीनं निखारे सारले. म्हणाला, धड्याचं बगू, पर हितं मास्तर टिकत न्हाईत. थंडीत हिव, पावसात जळवा, आणि आता तुमी तर त्येंला बी बगून आलाय. "तुमी गेला तर माज्या पोरीनं कुणाफुडं वाचायचं?"

"मी जात न्हाई, अण्णा," भिकाजी म्हणाले. "बदलीचा हुकूम आला तर कारवारला चालत जाऊन साहेबापुढं उभा राहीन. देवकी दुसरीचं पुस्तक अख्खं वाचेल, तिला वाचायचं तसं वाचेल, तोवर ही ओसरी सोडत न्हाई. शब्द देतो तुमाला."