काटा साठावर

गाडी कुत्र्याच्या उंचीची आणि तोरा मात्र घोड्याचा. लाल, बुटकी, दोघांपलीकडे तिसऱ्याला जागा नाही. मालक दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात हात घालून मिळवलेला पैसा तो रविवारी शर्यतीच्या मैदानावर धुरावाटे सोडून यायचा. त्याला इंजिनावर पेट्रोलच्या दाबाचं मीटर बसवून हवं होतं. गाडीला झालेलं काही नव्हतं. धडधाकट माणसाने उगाच ताप मोजून घ्यावा, तसली हौस.

गॅरेजवाल्या बाईने काम घेतलं, कारण डॉक्टरच्या टोळक्यात असल्या नऊ गाड्या होत्या. त्या आल्या की तिच्या चिरंजिवांचं नाव होणार होतं. नवरा गेल्यापासून गॅरेज तिच्या जिभेवर आणि दिराच्या हातांवर चाललेलं. दीर म्हणजे सगळ्यांचे काका. लग्न केलं नाही, माळ्यावरच्या खोलीत राहायचे, दोन्ही वेळा बाईच्या हातचं जेवायचे आणि वर नावं ठेवायचे. बाई कसली ऐकून घेते. "इंजिनाला चव कळत नाही म्हणून तुमचं आयुष्य निभावलं, भाऊजी," असं ती वाढता वाढता सुनवायची. बत्तीस वर्षं हे चाललं होतं आणि दोघांनाही त्याशिवाय घास उतरत नव्हता.

चिरंजीव तिशीचे. शिकून आलेले, प्रमाणपत्र काचेत घालून टेबलामागे टांगलेलं. गिऱ्हाईक आत आलं की आधी विचारायचं, काका कुठे आहेत. ते काचेतल्या कागदाला फार लागायचं.

त्या सकाळी काका चष्मा बदलायला गेले होते. गाडी इतकी बुटकी की उचलायच्या ठरलेल्या जागेखाली जॅक जाईना. चिरंजिवांनी काकांची वाट न बघता जिथे शिरला तिथे जॅक सरकवला, त्यावर लाकडी ठोकळा ठेवला आणि गाडी उचलली. काका आल्यावर दोघांनी मिळून मीटर जोडलं. इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या नळीत एक सांधा घातला, त्यावर मीटर. मग गाडी खाली घेऊन इंजिन सुरू केलं. काटा छत्तिसाच्या आसपास थांबायला हवा होता. तो साठावर गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

आता दाब सांभाळायला इंजिनावर रेग्युलेटर असतो. जास्तीचं पेट्रोल तो गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या परतीच्या नळीने मागे टाकीत धाडतो. या गाडीचा रेग्युलेटर गेल्या वर्षी काकांनीच बदललेला. चिरंजिवांना आयतंच सापडलं. त्यांनी काकांच्या देखत डॉक्टरला फोन लावला आणि सांगितलं की, जुन्या माणसाने भलताच भाग बसवलाय, वर्षभर तुमची गाडी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पितेय. डॉक्टर काय म्हणाला ते फोन ठेवल्यावर कळलं. दुपारी तीनला येतो म्हणाला. आणि त्या म्हाताऱ्याचा हात पुन्हा माझ्या गाडीला लागणार असेल तर मीही नाही आणि माझे मित्रही नाहीत.

"म्हणजे काकांना घरी बसवायचं?" बाईने विचारलं.

"कधीतरी बसायचंच होतं ना, आई."

काका गाडीकडे वळले. इंजिन बंद करून त्यांनी प्लग काढले आणि फडक्यावर ओळीने मांडले. छान फिकट तपकिरी होते. वर्षभर जास्तीचं पेट्रोल गेलं असतं तर हे काजळासारखे निघाले असते, दाब वाढलाय तो आजच वाढलाय, एवढंच ते म्हणाले. प्लगचं तोंड बघून भविष्य सांगायचे दिवस गेले, असं चिरंजिवांचं उत्तर. त्यांनी नवा रेग्युलेटर बसवला. काटा साठावर. नवं मीटर लावलं. साठावर. मग ते दुसऱ्या कंपनीचा रेग्युलेटर आणायला तणतणत बाजारात गेले.

त्यांची पाठ वळल्यावर काकांनी आपला जुना रेग्युलेटर पुन्हा चढवला. मुद्दाम. आळ ज्याच्यावर, त्याचीच परीक्षा. परतीची नळी रेग्युलेटरपासून सोडवली, तिच्या जागी रबराचा तुकडा लावला आणि हाक मारली, "वहिनी, जरा हा डबा धरा."

बाईने पदर खोचला आणि डबा धरला. काकांनी समजावून सांगितलं. आता जास्तीचं पेट्रोल टाकीत न जाता डब्यात पडेल. तरीही काटा साठावर राहिला तर दोष रेग्युलेटरचा, म्हणजे माझा. उतरला तर दोष टाकीकडे जाणाऱ्या परतीच्या नळीत.

इंजिन सुरू झालं. डब्यात धार पडली आणि काटा सरसर उतरून छत्तिसावर थांबला. बाईची शाळा दुसरीत सुटलेली, पण काटा वाचायला दुसरी पुरते.

काकांनी इंजिन बंद केलं, जमिनीवर आडवे झाले, बॅटरी पाजळली आणि तिलाही वाकून बघायला लावलं. परतीची ती करंगळीएवढी नळी एका जागी दबून पार चपटी झालेली, आणि त्या जागी ताज्या लाकडाची कुसळं चिकटलेली. ठोकळा कुणाचा ते विचारायची गरज नव्हती.

काका उठून बसले. "त्याला आपण घरी समजावू. चुकतं माणसाचं. डॉक्टरला मात्र खरं सांगा, वहिनी. माझं आता कोण ऐकतंय."

"सांगते," बाई म्हणाली. आणि तेव्हा तिला खरंच सांगायचं होतं.

तीनला डॉक्टर आणि चिरंजीव एकदमच दारात आले. चिरंजिवांनी डबा पाहिला, सुटी नळी पाहिली. शिकलेलेच ते, त्यांना सगळं एका नजरेत कळलं. त्यांनी आईकडे बघितलं. लहानपणी काच फोडून यायचे तेव्हा असेच बघायचे.

डॉक्टरने त्यांना विचारलंच नाही. तो बाईकडे वळला. "तुम्ही सांगा. तुम्ही फटकळ आहात, पण खोटं बोलत नाही. दोष कुणाचा?"

बाईने पदराला हात पुसले.

"वय झालं भाऊजींचं," ती म्हणाली. "हात पूर्वीसारखा राहिला नाही."

काकांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. आटे गेलेल्या बोल्टकडे बघतात तसं. त्यात राग नव्हता. हा आता काही धरणार नाही, एवढंच होतं.

डॉक्टर निघताना चिरंजिवांच्या पाठीवर थाप मारून गेला, संध्याकाळी गाडी न्यायला येतो म्हणाला. तो गेल्यावर काका पुन्हा गाडीखाली शिरले, चपटा भाग कापून नवी नळी जोडली, गळती तपासली, काटा छत्तिसावर आणून दाखवला. चिरंजीव शेजारी पान्हा धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बॅग घेऊन माळ्यावरून उतरले. बाईने रात्रीपासून एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते जिभेवर आलंही. पण उभ्या आयुष्यात तिने कुणाची माफी मागितली नव्हती, आणि सवय नसलेली गोष्ट ऐन वेळी जमत नाही.

"किल्ल्या ठेवून जा," ती म्हणाली.

"ठेवल्यात," काका म्हणाले आणि गेले.

दुपारी चिरंजीव जेवायला बसले आणि हळूच म्हणाले, तू होतीस म्हणून वाचलो. बाईने पोळी ताटात टाकली. "तुला वाचवलं नाही रे. तुला कायमचं आंधळं केलं. जेव आता."

नऊपैकी सहा गाड्या आल्या. चौथ्या गाडीचं इंजिन गरम झालं की बंद पडायचं. चिरंजिवांनी आठ दिवसांत तिचे पाच भाग बदलले आणि ती पाच वेळा परत आली. शेवटी तिचा मालक, एक तरुण वकील, टेबलापाशी येऊन आवाज चढवायला लागला. चिरंजीव मागे उभे राहून ऐकत होते.

बाईने त्याला पुरतं बोलू दिलं. मग पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्या त्या दुसरीच्या अक्षरात एक पत्ता लिहिला.

"पुलापलीकडे हे गॅरेज आहे. तिथे एक म्हातारे गृहस्थ नव्याने लागलेत. त्यांना दाखवा."

वकिलाने कागद उचलला. "तुमचं नाव सांगू?"

"नको," बाई म्हणाली. "माझं नाव ऐकून ते गाडीला हात लावायचे नाहीत."