वहिनींनी निवडलेली करवत

मित्रांनो, मी एक जुनी गोल करवत आहे. दुकानात मला होल सॉ म्हणतात. वाटीसारखं अंग, काठाला दात आणि प्रत्येक दातावर कार्बाइडचं टोक. कार्बाइड स्टीललाही नमवतं, पण ठोका बसला की काचेसारखं फुटतं.

कारखान्यात तयार झाल्यावर मला माझ्या लहानमोठ्या बहिणींबरोबर एका डबीत बसवलं आणि आम्ही हार्डवेअरच्या दुकानात येऊन धूळ खात पडलो. मग एक दिवस नळजोडणीची कामं करणाऱ्या एक बाई आल्या. सोबत त्यांचा धाकटा दीर होता. नोकरी सुटल्यापासून तो त्यांच्याकडे काम शिकत होता. तो त्यांना वहिनी म्हणे, त्या त्याला भाऊजी म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणते. त्याचा डोळा शेजारच्या करवतींच्या भल्यामोठ्या पेटीवर.

“वहिनी, हीच घेऊ या. केवढे नग आहेत बघा!”

“नगांचं काय लोणचं घालायचंय? भाऊजी, त्या लाकडासाठी आहेत. आपल्याला जाड स्टील कापायचंय. दात बघा.”

वहिनींनी माझ्या एकेका दाताच्या जोडावरून नख फिरवलं. माझ्या मधोमध असलेलं टोकदार ड्रिल-बिट मोडलं तर सुटं मिळतं का, हे दुकानदाराला खोदून खोदून विचारलं. इतक्या आपुलकीने मला तोवर कुणीच पाहिलं नव्हतं. मी तिथेच त्यांच्यावर लट्टू झाले.

त्यांच्याकडे मी टाक्यांना, सिंकना गोल भोकं पाडली. वहिनी मशीन हळू चालवत, थेंब थेंब तेल सोडत आणि काम झालं की मला पुसूनच डबीत ठेवत.

पुढे एका कॅन्टीनमध्ये भिंतीला पक्क्या बसवलेल्या स्टीलच्या ओट्याला नळासाठी भोक पाडायचं होतं. वहिनींनी ते काम भाऊजींवर सोपवलं. भोक चुकलं तर अख्खा ओटा वाया जाणार होता.

“हे बिघडलं तर मी परत ड्रिलला हात लावणार नाही,” भाऊजी म्हणाले.

त्यांनी नुकतीच त्याच ड्रिलने भिंत फोडली होती. भिंतीसाठी लावलेली, ठोके देणारी हॅमरची कळ फिरवून बंद करायला ते साफ विसरले. मी स्टीलला टेकले मात्र, तडतड ठोके बसले आणि माझा एक दात उडाला. भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. ड्रिल खाली ठेवून ते बाजूला सरले.

“तुम्हीच करा, वहिनी. माझ्या हाताला यश नाही.”

वहिनींनी आधी तुटलेला तुकडा शोधून उचलला. मग ओटा निरखला.

“ओरखडा उठलाय, पण आखलेल्या गोलाच्या आतच. तो तुकडा कापून निघूनच जाणार. कळ फिरवा आणि धरा ड्रिल.”

“पण दात तुटलाय!”

“बाकीचे आहेत ना? जोर लावू नका. तिला तिच्या चालीने कापू द्या.”

भाऊजींनी कळ फिरवून मला पुन्हा त्याच गोलावर टेकवलं. मी कुरकुरले, अडखळले, पण जिवाच्या आकांताने कापत राहिले. अखेर स्टीलची चकती खाली पडली. भाऊजींनी ती उचलली आणि लहान मुलासारखे हसले. वहिनी तेव्हा नळाचे वॉशर शोधण्यात गुंतल्या होत्या, जणू काही घडलंच नव्हतं. त्या बाईंचं मला फार कौतुक वाटतं!

आता भाऊजी स्वतंत्र कामं घेतात. मित्रांनो, हत्यार वापरण्याआधी त्याची कळ बघा, काम झालं की ते पुसून ठेवा. आणि शिकणाऱ्याच्या हातून चूक झाली, तर हत्यार त्याच्या हातातून काढून घेऊ नका.