लेवोकादियाची कुदळ

आमच्या टेकडीवर माणूस गेलं की घरातली कुदळ दारात आडवी ठेवतात. मग पेरणी बुडो की तण माजो, शोक उतरेपर्यंत त्या घरचं कुणी मातीला हात लावत नाही. शोक उतरवायच्या दिवशी वडीलधारं माणूस ज्वारीच्या दारूचं मडकं मांडतं, कुदळ उचलून घरच्यांच्या हातात देतं, आणि तिथून पुन्हा जगायला सुरुवात. त्यामुळे कुणाच्या दारात आडवी कुदळ दिसली की आम्ही काही विचारत बसत नाही. सरळ आत जाऊन रडायला बसतो.

लेवोकादियाने ऐन घेवड्याच्या पेरणीत कुदळ आडवी ठेवली.

तिचा इझिदोर फौजेत होता. एकुलता एक. त्याच्याच तुकडीतला एक मुलगा कुबड्या टेकत तिच्या अंगणात आला, एक पाय गुडघ्यापासून नाही. सरोवरापलीकडच्या देशातल्या जंगलात इझिदोर आपल्या शेजारीच गेला, आपणच त्याला माती दिली, असं त्याने सांगितलं. निघताना म्हणाला, "मावशी, मी हे बोललो नाही हं. मी मोटरसायकलवरून पडलोय."

त्या वर्षी आमच्या भागातली कितीतरी तरुण पोरं मोटरसायकलवरून पडली. मोटरसायकली तेवढ्या कुणाला दिसल्या नाहीत.

मी केळ्याची दारू गाळते. माझ्या पडवीत टेकडीवरचा सगळ्यांत मोठ्या आवाजाचा रेडिओ आहे, त्यामुळे सरकारचं म्हणणं आधी माझ्या गिऱ्हाइकांना कळतं. रेडिओ सांगत होता, आपला एकही शिपाई सीमेपलीकडे नाही, असं म्हणणारे शत्रूचे हस्तक आहेत. लोक दारू ओढायच्या नळ्या तोंडात धरून मडक्यात बघत बसायचे. कुणीतरी गाईचा विषय काढायचं, आणि सगळे त्या गाईवर तुटून पडायचे.

टेकडीचा मुखिया बोनिफास माझा मामेभाऊ. मी लेवोकादियाकडे बसले होते तेव्हा तो आला. दारात थबकला. कुदळ ओलांडून यायचं त्याला धैर्य झालं नाही.

"वहिनी, ती कुदळ उचला," तो बाहेरूनच म्हणाला.

"शोक उतरला की उचलीन."

"कुणाचा शोक?"

"इझिदोरचा. तुझ्या मांडीवर खेळलाय तो, बोनिफास."

"इझिदोर उत्तरेकडे प्रशिक्षणाला आहे. मला वरून तसं कळवलंय."

"मग आणून दाखव."

बोनिफास माझ्याकडे बघायला लागला. "जेनेरोझा, तू तरी समजाव. शनिवारी राजधानीतून साहेब येतायत. कुदळ आडवी म्हणजे मयत. मयत म्हणजे लढाई. आणि लढाई तर नाहीये! मी काय तोंड दाखवू?"

"तुझं आहे तेच दाखव," मी म्हणाले. "तेही काही फार बघण्यासारखं नाही."

शनिवारी सकाळी सगळ्या टेकडीने आपापली कुदळ घेऊन सरकारी कामाला जायचं, असा आमच्याकडे नियम आहे. रस्त्याची चारी उपसायची, मग भाषण ऐकायचं, मग घरी. लेवोकादिया आली, पण रिकाम्या हातांनी. एवढ्या कुदळींत ते दोन मोकळे हात दुरूनही उठून दिसत होते.

साहेब बोलायला मात्र गोड. आमच्यासारख्याच टेकडीवरचा, बुटांना आमच्यासारखीच लाल माती. म्हणाला, "शेजाऱ्याचं घर पेटलं तर आपण कुंपण कुणाचं म्हणून विचारत बसतो का? पाणी घेऊन धावतोच ना? आज विझवलं नाही, तर उद्या ठिणगी आपल्याच छपरावर."

म्हाताऱ्या मेल्कियोरने हात वर केला. त्याला कानाने कमी आणि तोंडाला आवर त्याहून कमी. "म्हणजे आपली पोरं पाणी घेऊन गेलीत म्हणा की!"

"नाही, नाही बाबा. कुणी गेलेलं नाही."

"मग पाणी कोण ओततंय?"

लोक हसले. साहेबही हसला, पण त्याच्याबरोबर आलेल्या काळ्या चष्मेवाल्याला हसू आलं नाही. मग आमचंही थांबलं.

तेवढ्यात लेवोकादिया पुढे झाली. "साहेब, का पाठवलं ते मी विचारत नाही. आग असेल, नसेल, ते तुम्हीच जाणा. माझा मुलगा गेला एवढं फक्त सगळ्यांसमोर म्हणा. मला त्याला नीट रडू द्या."

साहेब तिच्याजवळ गेला. तिचे हात हातात घेतले. "आई, तुमचा मुलगा जिवंत आहे. देशाच्या कामावर आहे. तुम्ही असं बसलात तर शत्रू हसेल ना?" आणि त्याने बोनिफासच्या हातातली कुदळ घेऊन तिच्या हातात दिली. फोटोवाल्याने फोटो काढला.

त्याला कळत नव्हतं असं मी मुळीच मानणार नाही. कुठल्यातरी टेकडीवर त्याचीही आई असेल.

लेवोकादिया कुदळीकडे बघत राहिली. मग तिने चारीत एक घाव घातला. मग दुसरा. आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून खणायला सुरुवात केली. दुसरं काय करणार होतो?

मला वाटलं होतं, घरी आल्यावर ती मोडून पडेल. झालं उलटंच. संध्याकाळी ती माझ्या पडवीत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"जेनेरोझा, तो जिवंत आहे गं."

"अगं, पण तो कुबडीवाला मुलगा?"

"त्याचं डोकं ठिकाणावर नसेल, पाय गेलाय बिचाऱ्याचा. तूच सांग, ज्या आईचं लेकरू गेलंय तिच्या हातात शोक न उतरवता कुदळ कोण देईल? एवढं पाप कुणी करेल का?"

मी तिच्यासाठी मडकं पुढे केलं.

तिने उशिरा का होईना, घेवडा पेरला. इझिदोर सुट्टीवर आला की त्याला आवडतो म्हणून तांबडा. शेंगा धरल्या. ती शेतात गाणं म्हणायची, आणि मला ते ऐकवत नसे.

शेंगा वाळायला आल्या तेव्हा रेडिओ बदलला. आपले शूर जवान सीमेपलीकडे आहेत, संसदेने आज तशी मंजुरी दिली, देशाला त्यांचा अभिमान आहे. दुसऱ्याच आठवड्यात साहेब आला, झेंडा आणि ढोल घेऊन. इझिदोर परवा वीरगतीला प्राप्त झाला म्हणे. परवा! सगळ्या टेकडीने शोक पाळायचा, कुदळी खाली ठेवायच्या, असा वरून हुकूम होता.

लेवोकादिया शेतातच होती. ती वर बघेना, खणतच राहिली.

"आई, थांबा आता," साहेब म्हणाला.

"तो कामावर आहे. तुम्हीच सांगितलंत."

"देशासाठी गेला, आई."

"तुम्हीच मला कुदळ दिलीत!"

साहेबाने बोनिफासला खूण केली. बोनिफास रडत होता, पण त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि कुदळ काढून घेतली. तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी विसरणार नाही. त्या बाईचा एकुलता एक मुलगा दोनदा मेला, आणि दुसऱ्यांदा त्याला ह्यांनी मारलं. ढोल वाजत होता म्हणून साहेबाला तो आवाज ऐकू आला नसावा.

जाताना साहेब म्हणाला, "शोक कधी उतरवायचा ते वरून कळवू."

घेवडा शेतातच फुटून सांडला.

पुढच्या पावसाआधी तह झाला. रेडिओवर दोन्ही देशांचे नेते एकमेकांना भाऊ म्हणाले. आमच्यात वैर कधी नव्हतंच, वैर होतं असं म्हणणारे शत्रूचे हस्तक आहेत. बोनिफास तालुक्याला जाऊन विचारून आला. माझ्या पडवीत येऊन बसला, नळीला तोंड लावलं नाही.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कसला शोक?"

मी लेवोकादियापेक्षा वयाने मोठी. मी मडकं घेऊन तिच्या दारात गेले, म्हणाले, मी देते तुला कुदळ, खड्ड्यात गेले ते सगळे. तिने माझा हात धरला.

"नको गं. तू देशील, मी उचलेन, आणि उद्या ते म्हणतील तो जिवंत आहे. मग मी काय करू?"

बाकी टेकडीने केव्हाच कुदळी उचलल्या, तिच्या शेतात आता माणसाएवढं गवत आहे. रोज बातम्यांच्या वेळी ती माझ्या पडवीत येते, रेडिओला कान लावून बसते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. बातम्या संपल्या की विचारते, "काही कळवलं का?"

मी नाही म्हणते, आणि ती घरी जाते.