ओढून कापणारं पातं

बायको भागिरथा गेल्याचं देवमनला कळलं तेव्हा तो मालेगावात, वाशिम रोडवरच्या आपल्या दुकानात, ट्रॉलीच्या फाळक्याला वेल्डिंग मारत होता. फोन गावातल्या शेजारणीचा, रुपाबाईचा होता. शेळ्यांमागे गेलेली भागिरथा बांधावर टेकली ती उठलीच नाही. देवमन मोटारसायकलने गावी, किन्हीराजाला पोचला. हातातले वेल्डिंगचे मोजे तसेच राहिले होते. ते घरी कुणीतरी काढून घेतले.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. मग एके दिवशी त्याने बायकोची आकडी दुकानात नेली. आकडी म्हणजे लांब बांबूच्या टोकाला बांधलेला विळा, शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्या तोडायचा. भागिरथाने तो सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधला होता. वेल्डरच्या बायकोची आकडी रबराने बांधलेली, याची देवमनला लाज वाटायची, पण ती नीट करून द्यायला त्याने कधी वेळ काढला नव्हता. आता काढला. विळा लोखंडी नळीला जोडला, दोन्ही बाजूंनी पक्का टाका मारला आणि नळी बांबूवर ठोकून बसवली. घरी आणून आकडी कोपऱ्यात उभी केली. वापरणारं कोणी नव्हतं.

मुलगी धम्मदीपा पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवरच्या खेळांची चित्रं काढायची. आई गेल्यापासून ती घरूनच काम करत होती. तिच्या खेळात एक शहर आकाशात दोरांवर टांगलेलं होतं. दोर जिवंत, वेलासारखे वाढणारे. त्यांनी शहराला आवळू नये म्हणून पहारेकरणी लांब दांड्याच्या पात्याने ते छाटत राहायच्या. ते हत्यार धम्मदीपाने काढायचं होतं. दोनदा चित्र परत आलं. शेरा एकच, 'दिसतं छान, पण कापतं कसं?' सोमवारी तिसरं गेलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

देवमनने वाकून स्क्रीनकडे पाहिलं.

"हे काय पाहून काढलं?"

"जपानातली नागिनाता हाय, युरोपातली हॅलबर्ड हाय. अशा लांब दांड्याच्या हत्यारांचे शेकडो फोटो पाह्यले, बाबा."

"हातात धरली एखादी?"

"पुण्यात नागिनाता कुठं भेटते?"

"मंग हे ढकलून कापते का ओढून? ढकलून असंन त तुयी बाई आकाशातून खाली पडन ना."

धम्मदीपाला हसू आलं. "माय ओढे," ती म्हणाली आणि आकडी घ्यायला उठली.

बांधावर तिने व्हिडिओ काढायला मोबाईल धरला. देवमनने फांदीला विळा लावून ओढला. पातं रुतून बसलं. हिसके दिले, तर पाला नि शेंगा डोक्यावर पडल्या, विळा काही निघेना.

"देवमनभाऊ, झाड पाडता का काय?" शेळ्या घेऊन चाललेली रुपाबाई हसत जवळ आली. भागिरथाच्या शेळ्याही आता तीच चारत होती. तिने वर पाहिलं. "हे काय करून ठेवलं?"

"पक्कं केलं."

"कायले? भागू त्याले मुद्दाम ढिलं ठेवे. ओढलं का पातं झुके, फांदीले धरे. कापलं का सुटे. तुमी त्याचं मनगटच झाळून टाकलं न, भाऊ!"

"मले कधी सांगतलं नाही तिनं."

"तुमी विचारलं कधी?"

देवमनने कसाबसा विळा सोडवला, आकडी घेऊन मालेगावला गेला आणि टाक्यावर ग्राइंडर लावला. टाका चांगला बसला होता, तोडायला वेळ लागला. परत आल्यावर रुपाबाईने ट्यूबची पट्टी गुंडाळून दाखवली. पहिल्यांदा त्याला जमलं नाही. तिने सोडून पुन्हा बांधायला लावली.

दुसऱ्या दिवशी फांद्या खाली येऊ लागल्या. धम्मदीपाने त्याला एवढ्या वेळा ओढायला लावलं की शेळ्यांना दोन दिवसांचा पाला झाला.

तिसऱ्या चित्रात पातं आणि दांडा यांच्यामध्ये एक सांधा आला. त्याच्यावर ताणली जाणारी काळी पट्टी, ओढलं की झुकणारं निळं पातं. खाली 'कशावरून सुचलं' असा रकाना होता. धम्मदीपाने नागिनाता लिहिलं, हॅलबर्ड लिहिलं आणि त्यांच्या वर लिहिलं, 'भागिरथाबाईंची आकडी, किन्हीराजा.'

"कंपनीच्या कागदात मायचं नाव कायले टाकते?"

"जपानचं चालते, मंग मायचं काहून नाही?"

देवमनने ते नाव दोनदा वाचलं. मग चहा ठेवायला आत गेला.

सोमवारी संध्याकाळी उत्तर आलं. पातं मंजूर, सांधा मंजूर, पुढचं काम धम्मदीपाकडेच. एक प्रश्न होता, चालताना ती बाई हे हत्यार नेते कशी? खांद्यावर, पाठीवर, की हातात?

भागिरथा आकडी कशी न्यायची, हे दोघांनाही माहीत नव्हतं. देवमन सकाळीच दुकानात जायचा. धम्मदीपा शाळेपासून वसतिगृहात होती. शेळ्यांमागे भागिरथाबरोबर दोघंही कधी चालले नव्हते.

रुपाबाईने दोघांना उद्या सकाळी शेळ्यांमागे बरोबर यायला सांगितलं आहे. ते चित्र अजून काढायचं राहिलं आहे.